आयटीआयच्या प्रमाणपत्राला परदेशात मान्यता: सोलापुरातून अर्ज करणाऱ्यांनी कोणती पायरी केव्हा घ्यावी

फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर किंवा टर्नर म्हणून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातील उमेदवारांची कामे बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतात. आधी एजंटाला पैसे दिले जातात, मग सगळ्या कागदांवर अपोस्टील (कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळणारे प्रमाणन) करून घेतले जाते, मग भाषांतर होते, आणि अर्ज नेमका कोणत्या संस्थेकडे, कोणत्या व्यवसायासाठी करायचा हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारला जातो. तोवर निम्मा खर्च वाया गेलेला असतो आणि ज्या कागदावर सगळा निर्णय ठरतो, तो अनुभवाचा कागद तयारच झालेला नसतो. या लेखात योग्य क्रम दिला आहे. जर्मनीची प्रक्रिया सर्वांत तपशीलवार असल्याने ती मुख्य धरली आहे. ऑस्ट्रेलिया आणि आखाती देश यांच्यासाठी जिथे वाट वेगळी होते, ते पुढे स्वतंत्रपणे सांगितले आहे.

## पायरी १ : देश, संस्था आणि संदर्भ व्यवसाय ठरवा

सर्व देशांत चालणारी एकच मान्यता कोठेही मिळत नाही. मान्यता एका देशाची, एका ठरलेल्या संस्थेकडून आणि त्या देशातील एका ठरलेल्या व्यवसायाशी (यालाच संदर्भ व्यवसाय म्हणतात) तुलना करून मिळते. म्हणून एकाही कागदाची झेरॉक्स काढण्यापूर्वी हे तीन मुद्दे वहीत लिहून घ्यावेत.

जर्मनीत औद्योगिक व व्यापारी व्यवसायांचे बहुतांश अर्ज न्यूरेम्बर्ग येथील आयएचके फोसा ही संस्था तपासते. हस्तव्यवसाय म्हणून नोंदलेल्या कामांचे अर्ज त्या त्या विभागाच्या हांडवेर्क्सकामर, म्हणजे हस्तव्यवसाय मंडळाकडे जातात. आपल्याकडे एकाच इलेक्ट्रिशियन ट्रेडमधून पास झालेले दोन मित्र तिथे दोन वेगवेगळ्या दारांत उभे राहू शकतात. चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यात मोटारी, पॅनेल आणि यंत्रांची देखभाल केलेल्याचा संदर्भ व्यवसाय ‘एलेक्ट्रोनिकर फ्युअर बेट्रीब्सटेक्निक’ हा औद्योगिक व्यवसाय असण्याची शक्यता अधिक. इमारतींचे वायरिंग, मीटर बोर्ड आणि अर्थिंग करत आलेल्याचे काम हस्तव्यवसायातील ‘एनर्गी उंड गेबॉइडेटेक्निक’ या शाखेशी जुळते. फिटरची तुलना सहसा ‘इंडुस्ट्रीमेखानिकर’शी होते. संदर्भ व्यवसाय ट्रेडच्या नावावरून ठरवू नये. आपण प्रत्यक्षात काय केले आहे, त्यावरून ठरवावा. जर्मन सरकारच्या ‘आनएर्केनुंग इन डॉइशलांड’ या संकेतस्थळावर व्यवसायाचे नाव आणि नोकरीचे ठिकाण टाकले की संबंधित संस्थेचे नाव मिळते. हे संकेतस्थळ इंग्रजीतही आहे आणि त्याचा वापर विनामूल्य आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे. आपल्याकडे आयटीआयचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियन अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो, तर वर सांगितलेल्या जर्मन व्यवसायांचे प्रशिक्षण साडेतीन वर्षांचे असते. त्यामुळे केवळ प्रमाणपत्राच्या जोरावर पूर्ण समकक्षता, म्हणजे आपले शिक्षण तेथील व्यवसायाच्या बरोबरीचे असल्याचा निर्णय, मिळणे अवघड असते. मात्र प्रशिक्षणातील कमतरता नंतरच्या कामाच्या अनुभवाने भरून काढता येते, अशी सोय २०१२ पासून लागू असलेल्या जर्मन कायद्यातच आहे. हा अनुभव कागदावर सिद्ध झालेला असला पाहिजे, एवढीच त्यातील अट आहे.

वेल्डरांसाठी इशारा : आयटीआयचा वेल्डर अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. जर्मनीच्या काही व्हिसा मार्गांत किमान दोन वर्षांच्या शासनमान्य प्रशिक्षणाची अट आहे, आणि केवळ एक वर्षाच्या प्रमाणपत्रावर ती पुरी होत नाही. शिवाय आयएसओ ९६०६-१ ही वेल्डरची चाचणी आणि व्यवसायाची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणीचे प्रमाणपत्र विशिष्ट पद्धत, धातू, जाडी आणि पोझिशन यांपुरते असते आणि त्यावर दर सहा महिन्यांनी चालू कामाची पुष्टी नोंदवावी लागते. कारखाना सोडल्यावर ती पुष्टी थांबली तर प्रमाणपत्राची वैधताही संपते. म्हणून ही चाचणी निघण्याच्या काळाजवळ द्यावी, दोन वर्षे आधी देऊन ठेवू नये.

तपासणी : संस्थेचे नाव, संदर्भ व्यवसायाचे नाव आणि त्या संस्थेची कागदपत्रांची अधिकृत यादी आपल्या हाती आहे का? नसेल तर पुढच्या पायरीवर पैसे खर्च करू नयेत.

## पायरी २ : नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एक करा

सोलापुरात ही पायरी इतर ठिकाणांपेक्षा जास्त वेळ खाते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि वडिलांचे नाव बहुधा स्वतःच्या नावाच्या रकान्यात जाते. ज्या घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते, तेथे आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असणे ही नेहमीची गोष्ट आहे. कोठे पूर्ण आडनाव तर कोठे नुसते आद्याक्षरही आढळते. परदेशातील तपासनीसाला ही आपल्याकडची पद्धत माहीत नसते, आणि त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसे ठरू शकतात.

दहावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्र, पासपोर्ट, आयटीआयचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, आधार, भविष्यनिर्वाह निधीची नोंद आणि बँकेचे पासबुक हे सहा कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. पासपोर्ट अजून काढला नसेल तर तो दहावीच्या नोंदीप्रमाणेच काढावा. पासपोर्ट आधीच असेल तर इतर कागद त्याला जुळवून घेणे सोपे की पासपोर्टच दुरुस्त करणे सोपे, हे ठरवून एकच दिशा धरावी. आयटीआयच्या प्रमाणपत्रातील चूक आपल्या संस्थेच्या प्राचार्यांमार्फत दुरुस्तीस पाठवावी लागते आणि तिला वेळ लागतो. म्हणून हा अर्ज सर्वांत आधी टाकावा आणि तो चालू असताना पायरी ४ चे काम सुरू करावे. भविष्यनिर्वाह निधीतील नावाची दुरुस्ती मालकाच्या संमतीशी जोडलेली असेल, तर नोकरीत असतानाच ती करून घ्यावी. नोकरी सोडल्यावर जुना मालक फोन उचलेलच असे नाही.

लग्नानंतर नाव बदललेल्या महिला उमेदवारांनी विवाह प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे. प्रमाणपत्रांवरील माहेरचे नाव बदलून घेण्याची खटपट करू नये. नोटरीचे प्रतिज्ञापत्र स्पेलिंगमधील किरकोळ फरकापुरते उपयोगी पडते. आडनावच पूर्ण वेगळे असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील नावबदलाची नोंदच लागते.

## पायरी ३ : प्रशिक्षणाचे कागद पूर्ण करा

बहुतेक जण राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्राचा एकच कागद पुढे करतात. तपासणाऱ्या संस्थेला मात्र आपण काय शिकलो, किती काळ शिकलो आणि त्यातले प्रात्यक्षिक किती होते, हे पाहायचे असते. त्यासाठी पुढील कागद जमवावेत.

१. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. ते ज्या पोर्टलवर तपासता येते, तेथे आपली नोंद खरोखर दिसते का, हे स्वतः उघडून पाहावे. जुने, केवळ कागदी प्रमाणपत्र असेल तर त्याची पडताळणी कशी होईल, हे संस्थेत विचारून घ्यावे. सोलापूर जिल्ह्यातील आयटीआय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पुणे प्रादेशिक कार्यालयाखाली येतात.

२. सर्व गुणपत्रिका. ऑगस्ट २०१३ पासून काही वर्षे आयटीआयमध्ये सत्र पद्धत होती आणि २०१८ च्या प्रवेशापासून पुन्हा वार्षिक पद्धत आली. मधल्या काळात दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना चारही सत्रांच्या गुणपत्रिका लागतात. एक जरी हरवली असेल तरी आधी दुसरी प्रत काढावी.

३. आपण प्रवेश घेतला त्या वर्षी लागू असलेला अभ्यासक्रम. हा कागद फार जण विसरतात. प्रशिक्षण महानिदेशालय अभ्यासक्रम वेळोवेळी बदलत आले आहे, म्हणून आज संकेतस्थळावर दिसणारा अभ्यासक्रम आपला असेलच असे नाही. संस्थेकडून त्या वर्षाच्या अभ्यासक्रमाची प्रत घेऊन तिच्यावर शिक्का व सही घ्यावी.

४. शिकाऊ उमेदवारी केली असेल तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. साखर कारखान्यात, महावितरणमध्ये, एसटीच्या कार्यशाळेत किंवा रेल्वेत १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली काढलेला काळ हा प्रशिक्षणाचाच भाग म्हणून दाखवता येतो आणि त्याने दोन वर्षे व साडेतीन वर्षे यांतील अंतर कमी होते. अनेकांनी हे प्रमाणपत्र ‘नोकरी लागली, आता काय उपयोग’ असे म्हणून उचललेलेच नसते. ते आणावे.

इशारा : एखादे केंद्र चार दिवसांत ‘आंतरराष्ट्रीय’ डिप्लोमा देत असेल तर तो अर्जात घालू नये. खऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात एक संशयास्पद कागद आला की संपूर्ण अर्जाकडे संशयाने पाहिले जाते.

## पायरी ४ : अनुभव सिद्ध करा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. किती ते परिस्थितीवर अवलंबून आहे, पण तीन-चार महिने लागले तरी ते लागू द्यावेत. ‘अमुक व्यक्तीने आमच्याकडे २०१७ ते २०२३ फिटर म्हणून समाधानकारक काम केले, त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे आपल्याकडचे नेहमीचे अनुभवपत्र या प्रक्रियेत जवळजवळ निरुपयोगी आहे. संदर्भ व्यवसायातील कोणती कामे उमेदवाराने स्वतः केली, हे त्यातून कळत नाही.

चांगल्या अनुभवपत्रात पुढील तपशील असतात: लेटरहेडवर कंपनीचा पत्ता, दूरध्वनी आणि जीएसटी क्रमांक, उमेदवाराचे पासपोर्टप्रमाणे नाव व जन्मतारीख, पद, नेमकी सुरुवातीची व शेवटची तारीख, आठवड्याचे तास, कोणती यंत्रे व कोणती कामे, आणि सही करणाऱ्याचे नाव, पद व संपर्क. यांतील कामांचे वर्णन सर्वांत महत्त्वाचे. इलेक्ट्रिशियनने ‘मेंटेनन्स पाहिला’ असे लिहून घेऊ नये. ‘डीओएल व स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी व दोषशोध, मोटार कंट्रोल पॅनेलचे वायरिंग ड्रॉइंगप्रमाणे करणे, मेगरने इन्सुलेशन तपासणे, व्हीएफडीचे पॅरामीटर भरणे, अर्थिंगची मोजणी’ असे लिहून घ्यावे, आणि यांतील जे खरोखर केले तेवढेच. हे वर्णन मालकाच्या कार्यालयातील लिपिकाला जमत नाही. ते उमेदवाराने आपल्या सुपरवायझरबरोबर बसून तयार करावे, अभियंत्याकडून तपासून घ्यावे आणि मग सहीसाठी द्यावे. संदर्भ व्यवसायाच्या जर्मन प्रशिक्षण आराखड्यातील मुद्दे समोर ठेवून आपल्या कामाशी एकेक ताडून पाहिले तर काय लिहायचे राहिले, ते लगेच दिसते.

आता सोलापूरच्या कामधंद्याच्या स्वरूपातून येणाऱ्या चार अडचणी आणि त्यांवरील उपाय.

साखर कारखान्यातील हंगामी काम. जिल्ह्यात साखर कारखाने पुष्कळ आहेत आणि असंख्य फिटर, वेल्डर त्यांत घडले आहेत. त्यांच्या अनुभवपत्रावर सलग सहा वर्षे लिहिलेली असतात आणि भविष्यनिर्वाह निधीच्या पासबुकात मात्र दरवर्षी काही महिन्यांचाच भरणा दिसतो. तपासणाऱ्याला यात खोटेपणाचा वास येतो, वास्तविक दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. म्हणून पत्रात हंगामवार तक्ता द्यावा: गळीत हंगाम कधी सुरू झाला, कधी संपला, त्या काळात मिल हाऊस, बॉयलिंग हाऊस की सेंट्रिफ्यूगलवर काम होते, आणि हंगामानंतर ओव्हरहॉलिंगसाठी किती काळ ठेवले होते. ओव्हरहॉलिंगचा काळ फिटरसाठी मोलाचा आहे; गिअरबॉक्स उघडणे, बेअरिंग बसवणे, शाफ्टचे अलाइनमेंट, पंपांची दुरुस्ती ही कामे संदर्भ व्यवसायाच्या गाभ्यातली आहेत. पण तो काळ बहुतेक पत्रांत नुसता ‘ऑफ सीझन’ म्हणून सोडून दिलेला असतो.

ठेकेदारामार्फत काम. औष्णिक वीज प्रकल्प, सिमेंट कारखाना किंवा एमआयडीसीतील मोठी कंपनी यांत प्रत्यक्ष काम केले, पण पगार ठेकेदाराने दिला, अशी स्थिती असेल तर अनुभवपत्र ठेकेदाराचेच घ्यावे. त्यात कामाचे ठिकाण आणि मूळ कंपनीचे नाव स्पष्ट लिहावे, आणि सोबत गेटपास, सुरक्षा प्रशिक्षणाचे कार्ड, शक्य असल्यास वर्क ऑर्डरची प्रत जोडावी. मूळ कंपनीच्या नावाचे पत्र कोणाकडून तरी ‘जुळवून’ घेऊ नये. पडताळणीत कंपनीने ‘हा आमचा कर्मचारी नव्हता’ असे कळवले की अर्ज तेथेच संपतो.

यंत्रमाग आणि टॉवेलच्या कारखान्यांतील काम. येथे जॉबर म्हणून वर्षानुवर्षे माग जोडणारे, रेपियर लूमची यंत्रणा आणि इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांचे कौशल्य मोठे, पण पगार आठवड्याला रोखीने मिळतो आणि कागद काहीच नसतो. त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की मागचे सगळे एकदम सिद्ध करण्याच्या मागे न लागता आजपासून पुरावा निर्माण करावा. पगार बँकेत घ्यावा, राज्य कामगार विमा व भविष्यनिर्वाह निधीत नोंद लागू होत असेल तर ती आग्रहाने करून घ्यावी, हजेरीपत्रकाची प्रत दरमहा ठेवावी. मागील काळासाठी मालकाचे पत्र, त्याच्या उद्यम नोंदणीची प्रत आणि जुनी ओळखपत्रे घ्यावीत. पुरेसा लेखी पुरावा नसेल तर जर्मन कायद्यात कौशल्य विश्लेषणाची सोय आहे. त्यात तज्ज्ञांसमोर काम करून किंवा तांत्रिक चर्चेत उत्तरे देऊन कौशल्य दाखवता येते. मात्र ते बहुतेक वेळा जर्मनीत जाऊनच द्यावे लागते, म्हणून तो पहिला पर्याय मानू नये.

बंद पडलेली कंपनी. मालक सापडत नसेल तर भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक हा मुख्य आधार ठरतो, कारण त्यात आस्थापनेचे नाव आणि महिने दोन्ही असतात. त्याला पगाराच्या पावत्या, नियुक्तिपत्र, बँकेचे उतारे आणि त्या काळच्या अभियंत्याचे सहीनिशी निवेदन जोडावे.

तपासणी : अनुभवपत्रातील प्रत्येक तारीख भविष्यनिर्वाह निधी किंवा बँकेच्या नोंदीशी जुळते का? न जुळणाऱ्या प्रत्येक ठिकाणी कारण लिहिलेले आहे का? एका वेळी दोन नोकऱ्या दिसत नाहीत ना?

## पायरी ५ : साक्षांकन आणि भाषांतर, लागेल तेवढेच

भारत २००५ मध्ये अपोस्टील करारात सामील झाला. पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्यामुळे या दोन देशांत हा करार लागू होत नाही. ‘जर्मनीसाठी अपोस्टील अनिवार्य’ असे सांगून पैसे घेणाऱ्यांना ‘हा करार या दोन देशांत लागू आहे का’ एवढा एक प्रश्न विचारावा. मान्यतेचा अर्ज साध्या, स्वच्छ रंगीत प्रतींवर सुरू होतो. संस्थेला साक्षांकित प्रत हवी असेल तर ती तसे कळवते. मूळ प्रमाणपत्र टपालाने परदेशी कधीही पाठवू नये. एपीएस प्रमाणपत्राबाबतही असाच गैरसमज आहे. ते जर्मनीत उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्यांच्या पडताळणीचे आहे, आयटीआयवाल्यांच्या व्यवसायमान्यतेचा तो भाग नाही.

ज्या देशांना अपोस्टील चालते, त्यांच्यासाठी शैक्षणिक कागद आधी राज्य शासनाकडून प्रमाणित करून मग परराष्ट्र मंत्रालयाच्या अधिकृत सेवा केंद्रामार्फत द्यावे लागतात. मंत्रालयाचे अपोस्टीलचे शुल्क प्रति कागद ५० रुपये आहे आणि त्यावर सेवा केंद्राचे शुल्क लागते. एका प्रमाणपत्राचे हजारो रुपये सांगितले जातात, तेव्हा त्यातील बाकीची रक्कम मध्यस्थाची असते. या कामासाठी मुंबईला स्वतः जाणे अशक्य नाही. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाले की सकाळी कार्यालये उघडण्याआधी पोहोचता येते. फक्त जाण्यापूर्वी कोणते कागद कोठे स्वीकारतात, हे पाहून घ्यावे आणि सगळी कामे एकाच फेरीत बसवावीत.

भाषांतराबाबत दोन चुका वारंवार होतात. पहिली, सगळ्या गठ्ठ्याचे भाषांतर आधीच करून घेणे. कोणत्या कागदाचे जर्मन भाषांतर हवे, हे संस्थेच्या यादीवरून किंवा ईमेलने विचारून ठरवावे. अभ्यासक्रमासारखा जाड दस्तऐवज पूर्ण भाषांतरित करण्याचा खर्च मोठा होतो. दुसरी, जर्मन शिकवणाऱ्या ओळखीच्या शिक्षकांकडून भाषांतर करून घेणे. अधिकृत, शपथबद्ध भाषांतरकाराचेच भाषांतर स्वीकारले जाते. नाव व ट्रेड कसे लिहायचे, हे भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत देऊन आधीच सांगावे.

## पायरी ६ : अर्ज करा

अर्ज ऑनलाइन करता येतो. अर्जासोबत पासपोर्टची प्रत, कालक्रमाने मांडलेला तक्त्याच्या स्वरूपातील परिचय, प्रशिक्षणाचे कागद, अनुभवाचे पुरावे आणि जर्मनीत काम करण्याचा इरादा असल्याचे निवेदन लागते. परिचयात एकही महिना रिकामा ठेवू नये. घरी शेती पाहिली, आजारपण होते, भाषा शिकत होतो, जे असेल ते तसे लिहावे.

आयएचके फोसाचे शुल्क कामाच्या व्याप्तीनुसार ठरते; चालू दर संस्थेच्या संकेतस्थळावर पाहावा. सर्व कागद पूर्ण झाल्यावर निर्णयासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. हे तीन महिने अर्ज पाठवल्याच्या दिवसापासून मोजायचे नसतात, शेवटचा कागद पोहोचल्यापासून मोजायचे असतात. म्हणून संस्थेच्या ईमेलला आठवडाभरात उत्तर जाईल अशी व्यवस्था ठेवावी आणि अर्जात स्वतःचाच ईमेल द्यावा, एजंटाचा नाही. एजंटाच्या ईमेलवर आलेला प्रश्न उमेदवारापर्यंत पोहोचला नाही, म्हणून अर्ज निकाली निघाल्याची उदाहरणे आहेत.

जर्मनीतील मालकाने आधीच नोकरी देऊ केली असेल तर तो तेथील परदेशी नागरिक कार्यालयात जलद प्रक्रियेसाठी अर्ज करू शकतो. त्या मार्गाचे शुल्क ४११ युरो आहे आणि मान्यतेच्या निर्णयाची मुदत दोन महिन्यांवर येते.

मान्यतेच्या अर्जासाठी जर्मन भाषेचे प्रमाणपत्र लागत नाही, पण व्हिसाच्या काही मार्गांत ते लागते. म्हणून अर्ज टाकला त्याच आठवड्यात भाषेचा वर्ग सुरू करावा. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनातील परीक्षेच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे तारीख आधी धरून ठेवावी.

## पायरी ७ : निकालपत्र वाचा आणि पुढचा मार्ग निवडा

निकाल तीन प्रकारचा असतो: पूर्ण समकक्षता, अंशतः समकक्षता किंवा नकार. पूर्ण समकक्षता मिळाली तर नोकरीच्या करारासह कुशल कामगाराच्या व्हिसाचा मार्ग मोकळा होतो. वय ४५ पूर्ण झालेल्या आणि पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मात्र ठरावीक किमान पगार किंवा पुरेशी पेन्शन दाखवावी लागते.

अंशतः समकक्षता आली की अनेक घरांत ‘नापास झाला’ असे म्हणून फाइल बंद होते. हा मोठा गैरसमज आहे. त्या पत्रात नेमके काय कमी आहे, ते एकेक लिहिलेले असते, आणि ती कमतरता जर्मनीत जाऊन, काम करत किंवा प्रशिक्षण घेत भरून काढण्यासाठी स्वतंत्र व्हिसा आहे. त्यासाठी सामान्यतः ए२ पातळीचे (ए१ नंतरची, प्राथमिक टप्प्यातील दुसरी पातळी) जर्मन लागते. हे पत्र संभाव्य मालकाला दाखवावे. कोणते प्रशिक्षण द्यावे लागेल, हे त्यालाही त्यातूनच कळते.

मार्च २०२४ पासून ‘मान्यता भागीदारी’ हाही मार्ग खुला आहे. त्यात किमान दोन वर्षांचे शासनमान्य प्रशिक्षण, ए२ जर्मन आणि नोकरीचा करार असेल तर जर्मनीत पोहोचल्यानंतर मान्यतेचा अर्ज करता येतो. दोन वर्षांच्या ट्रेडवाल्यांना हा मार्ग आकर्षक वाटेल. तरी मला आधी मान्यता घेऊन जाणेच अधिक सुरक्षित वाटते, कारण हातात निकालपत्र असलेला कामगार पगाराची बोलणी स्वतःच्या पायावर उभा राहून करू शकतो. शिवाय तेथे गेल्यावर सोलापुरातील जुन्या मालकाकडून सहीचे पत्र मिळवणे किती अवघड जाते, हे गेलेल्यांना विचारावे.

इशारा : निकालाविरुद्ध हरकत घेण्याची मुदत पत्राच्या शेवटी दिलेली असते आणि ती सहसा एक महिन्याची असते. नकार आला तर पत्र त्याच दिवशी वाचून घ्यावे.

## ऑस्ट्रेलियासाठी काय वेगळे

ऑस्ट्रेलियात बहुतेक ट्रेडची तपासणी ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था पाहते. भारतातील इलेक्ट्रिशियनसारख्यांचे मूल्यमापन तिने मान्य केलेल्या प्रशिक्षण संस्थांमार्फत होते: आधी कागद, मग तांत्रिक मुलाखत व प्रात्यक्षिक. मुलाखत इंग्रजीत असते आणि रोजचे काम शब्दांत सांगण्याचा सराव नसलेले चांगले कारागीर तेथेच अडखळतात. पॅनेलवर काम करण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करून तो बंद असल्याची खात्री कशी करता, कुलूप व पाटी कशी लावता, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे मोठ्याने बोलून तयार करावीत.

वीज आणि प्लंबिंग यांसारख्या परवान्याच्या ट्रेडमध्ये हे मूल्यमापन म्हणजे काम करण्याचा परवाना नव्हे. तेथे गेल्यावर त्या राज्याचा तात्पुरता परवाना घेणे, देखरेखीखाली काम करणे, ऑस्ट्रेलियन नियमांचे पूरक प्रशिक्षण पूर्ण करणे आणि मग पूर्ण परवाना मिळवणे हा क्रम असतो. परवाना राज्यनिहाय असल्याने कोणत्या राज्यात जायचे, ते आधी ठरवावे. महाराष्ट्र शासनाचा वायरमन परवाना अनुभवाचा पुरावा म्हणून जरूर जोडावा, पण तो तेथील परवान्याची जागा घेत नाही.

## आखाती देशांसाठी काय वेगळे

येथे मान्यतेपेक्षा कागदांच्या साक्षांकनाची साखळी आणि कौशल्य चाचणी महत्त्वाची असते. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत अपोस्टील करारात नाहीत. त्यांच्यासाठी राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाचा दूतावास असा क्रम पाळावा लागतो. सौदी अरेबियात डिसेंबर २०२२ पासून अपोस्टील चालते. सौदीसाठी इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, एसी तंत्रज्ञ यांसारख्या कामांना भारतातील केंद्रावरच लेखी व प्रात्यक्षिक कौशल्य पडताळणी द्यावी लागते. व्हिसावर जो व्यवसाय लिहिला जाणार, त्याच व्यवसायाची चाचणी द्यावी. व्हिसावर ‘लेबर’ आणि हातात इलेक्ट्रिशियनचे प्रमाणपत्र अशी स्थिती झाली तर पगार आणि पुढील अनुभवपत्र दोन्ही लेबरचेच मिळते, आणि काही वर्षांनी जर्मनी किंवा ऑस्ट्रेलियासाठी अर्ज करताना आखातातली ती वर्षे मोजता येत नाहीत.

## एजंटाकडे जायचेच असेल तर

मान्यतेच्या अर्जासाठी एजंटाची गरज नाही. नोकरी शोधून देण्यासाठी जायचे असेल तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असलेल्याकडेच जावे. नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः तपासावा आणि त्याची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. पैसे बँकेतूनच द्यावेत, पावती घ्यावी, आणि मूळ पासपोर्ट वा मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही कार्यालयात ‘फाइलला लावायला’ ठेवू नयेत. सगळ्या कागदांचे रंगीत स्कॅन स्वतःच्या ईमेलवर ठेवावेत आणि घरातील एका माणसाला त्यांची जागा व पासवर्ड माहीत असावा. परदेशात असताना एखादी सत्र गुणपत्रिका मागितली गेली, तर विजापूर रोडवरील आयटीआयमध्ये जाऊन पाठपुरावा करणारे घरातलेच कोणी तरी असते. त्या माणसाच्या नावे सही केलेले अधिकारपत्रही निघण्यापूर्वी करून ठेवावे.